पावाच्या गाडीतला दौरा

तीर्थरूप वन्संना,

तुम्ही आरामखुर्चीत पाय पुढे करून बसला असाल असं धरून त्या पायांवर इथूनच डोकं ठेवते. (समोरासमोर पाया पडायचं तर गुडघ्यांना आधी कल्पना द्यावी लागते. पत्रात ती अडचण नाही.) इकडे देवाच्या दयेने सगळे धडधाकट आहोत. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, त्या संध्याकाळी देवापुढे एक वात जास्त लावली. डॉक्टरांनी उजेडाकडे बघायला मनाई केली असेलच. केली नसेल तर मी करते. हे पत्र खिडकीकडे पाठ करून वाचा आणि शेवटची ओळ होईपर्यंत बाहेर डोकावू नका. डोळ्याच्या बाबतीत हयगय नको.

पत्र पोस्टात न टाकता माणसाहाती पाठवते आहे, म्हणजे तिकीटही वाचतं आणि पोहोचल्याची खात्रीही होते. घेऊन आलेला माणूस आमचा ड्रायव्हर. त्याला पाणी द्या, व्हरांड्यात बसवा, पण बोलतं करू नका. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त त्याच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही. उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही असं त्याला बजावलं आहे. कागद पाहून दचकू नका. कार्यक्रमाची पत्रकं उरली होती, एक बाजू कोरी, ती फुकट घालवायचं माझ्या जिवावर आलं. त्यामुळे प्रत्येक पानामागे तुमच्या धाकट्या भावाचा फोटो आहे. तो तुम्ही बघावा असा माझा मुळीच हेतू नाही. त्यांचा विषय काढायचा नाही असं तुम्ही मला सांगून ठेवलं आहे आणि मी तो काढणारही नाही. फक्त दौराच त्यांच्या गाण्याचा असल्यामुळे भावजी अधूनमधून मध्ये येतील, तिथे माझा इलाज नाही.

मूळ काम एवढंच की माझा झाकणाचा मोठा डबा मागच्या खेपेपासून तुमच्याकडे राहिला आहे, तो ड्रायव्हरच्या हाती द्यावा. बाकीचं सगळं कागदावर जागा उरली म्हणून लिहिते आहे.

तर झालं असं. भावजींना लागोपाठ पाच गावांतून गाण्याची बोलावणी आली आणि हे उठून बसले. निवृत्त झाल्यापासून ह्यांना घरात नेमकं कुठे बसावं ते समजत नाही. जिथे बसतात तिथेच मला झाडायचं असतं. त्याच दिवशी नकाशा आणला आणि लाल पेन्सिलीने खुणा करायला घेतल्या. ह्यांचं म्हणणं असं की, धाकट्याने संध्याकाळी गाणं म्हणावं आणि दिवसा आपण त्या त्या गावात बघण्यासारखं काय आहे ते बघून घ्यावं, नाहीतरी गाडी जाणारच आहे. 'नाहीतरी गाडी जाणारच आहे' हे ऐकलं की माझं काही चालत नाही, हे इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना पक्कं ठाऊक झालं आहे. रिकामी जागा वाया जाताना मला बघवत नाही. (हा माझा स्वभाव पुढे नडणार आहे, लक्षात ठेवा.) शिवाय भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही आलात तर माझ्या खिशाचं भोक बुजेल." म्हणजे मी खजिनदार. मॅट्रिकच्या जोरावर मिळालेली ही माझी पहिलीच नोकरी. पगार नाही, पण पेन्सिल मिळाली.

आता गाडीविषयी. भावजींच्या एका मित्राची बेकरी होती. बेकरी बसली आणि गाडी तेवढी उभी राहिली, ती आम्ही घेतली. पिवळी, लांबट, दोन्ही अंगांना हातभर अक्षरांत 'रोज ताजे, रोज खुसखुशीत', आणि त्याखाली चिकटवलेलं भावजींचं पोस्टर, डोळे मिटून तान घेताना. पुढे तिघांची जागा. ड्रायव्हर, नकाशासकट हे, आणि देवाचा डबा मांडीवर घेऊन मी. मागे पाव ठेवायच्या फळ्यांमध्ये गादी टाकून भावजी आणि त्यांचे तबलजी. (तबलजी तबला खाली ठेवत नाहीत. खड्डा आला की स्वतः आपटतात, तबल्याला आपटू देत नाहीत.) मागच्या भागाला खिडकी नाही, पावाला बाहेर काय बघायचं असतं! आणि मागच्या दाराची आतली मूठ कधीच तुटली आहे, ते फक्त बाहेरून उघडतं. हे आम्हाला कळलं ते असं. वाटेत आम्ही पुढचे तिघं चहाला उतरलो. गाडीतून धाडधाड आवाज येऊ लागला. हे म्हणाले, "छान चाललाय रियाज," आणि दुसरा चहा मागवला. परत येऊन बघतो तर गाडीभोवती ही गर्दी. ठोकून ठोकून हात दुखले तेव्हा भावजींनी आत चक्क गायला सुरुवात केली होती, आणि एक बाई पिशवी घेऊन सगळ्यांना विचारत होत्या की गाणं संपल्यावर पाव देतात की आधी. दार उघडलं तेव्हा दोघंही घामाने निथळत होते, पण भावजी रागावले नाहीत. म्हणाले, "दादा, इतके मन लावून ऐकणारे लोक मला तिकीट लावूनसुद्धा मिळत नाहीत."

पहिल्या गावात घड्याळांचं संग्रहालय होतं. भिंतीवरची, टेबलावरची, खिशातली, माणसाएवढी, नखाएवढी, नुसती घड्याळंच घड्याळं, आणि एकही चालू नाही. हे राखणदाराशी भांडायला गेले. तो बिचारा म्हणाला, "साहेब, सगळी चालू ठेवली तर दर तासाला मी कुठे पळून जाऊ?" आणि निघताना त्यानेच ह्यांना वेळ विचारली. बंद घड्याळ बघायला इतक्या लांब येण्याची गरज नव्हती, आपल्या स्वयंपाकघरात एक आहे, असं मी म्हटलं ते ह्यांना लागलं. म्हणून संध्याकाळी मी एकटीच लवकर सभागृहावर गेले, आणि तिथे माझ्या हातून पहिला घोटाळा झाला. अजून ऊन रेंगाळत होतं आणि दरवाज्यावर भली मोठी दिव्यांची पाटी भकाभका जळत होती. आसपास चिटपाखरू नाही. मी बटण शोधून काढलं आणि बंद केलं. (तुम्ही असतात तर तुम्हीही हेच केलं असतं, तुम्हीच तर मला शिकवलंत.) ती भावजींच्या कार्यक्रमाची पाटी होती. अंधार पडल्यावर लोक आले, काळोखी पाटी बघून कार्यक्रम रद्द झाला असं समजले आणि आल्या पावली परतले. सभागृह अर्धं भरलं. मी रडकुंडीला येऊन भावजींना सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं वहिनी, आज गळा जरा बसलाय, कमी लोकांना कळेल." हा मनुष्य असा आहे. त्याच्यावर धड रागावताही येत नाही आणि आपल्यावर तो रागावतही नाही. (विषय काढत नाहीये. सांगण्याच्या ओघात आलं.)

त्याच सभागृहात मला एक गोष्ट खटकली. पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर 'राखीव' असा कागद चिकटवला होता, आणि शेवटपर्यंत त्या खुर्चीवर कुणी आलं नाही. मला वाटलं, कुणी बडी असामी असेल. ह्यांना विचारलं, तर नकाशाची घडी घालत म्हणाले, "असतं काहीतरी." ह्यांचं 'असतं काहीतरी' म्हणजे सगळं माहीत आहे पण सांगणार नाही. मी विषय सोडला. खुर्ची मात्र डोक्यातून गेली नाही.

दुसऱ्या गावाबाहेर एक गुहा आहे, तिच्यात आवाज घुमतो. एक शब्द बोलावा, तो भिंतीभिंतीवर आपटून परत परत ऐकू येतो. ह्यांनी स्वतःचं नाव ओरडून घेतलं. (सबंध नोकरीत साहेबांनी एवढ्या वेळा हाक मारली नसेल.) तबलजींनी एक टाळी वाजवली आणि परत आलेल्या टाळ्या ऐकून वाकून नमस्कार केला. माझ्या मनात आलं, इथे देवाचं नाव घेतलं तर? एकदा म्हटलं की सहा-सात वेळा नाम होतं, तेही दम न लागता. मी डोळे मिटून सुरुवात केली आणि अर्ध्या तासात माझा आठवड्याचा जप उरकला. पण बाहेर आल्यावर मन खाऊ लागलं. भिंतीने म्हटलेलं आपल्या नावावर कसं मांडायचं? भिंतीचं पुण्य भिंतीला. शेवटी मी माझ्या तोंडून निघालेलं तेवढंच धरलं आणि राहिलेलं गाडीत पुरं केलं. भावजी सगळ्यांच्या मागून गेले. गुहेच्या मधोमध उभं राहून त्यांनी एक लांब सूर लावला. तो घुमून परत आला. कान देऊन ऐकत राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, "उतरलाय." पुन्हा लावला, पुन्हा ऐकला. आम्ही बाहेर उन्हात ताटकळलो, तरी ते येईनात. मी आत डोकावले तर ते गुहेला विचारत होते, "आता?" वन्सं, गुहा काय सांगणार? आपण म्हटलं तेच ती म्हणते.

तिथल्या कार्यक्रमालाही तीच खुर्ची, तोच कागद. तिकिटं संपली म्हणून दोन माणसं भिंतीला टेकून उभी आणि खुर्ची रिकामी! मला बसवेना. दोनदा उठले, दोनदा ह्यांनी पदर धरून खाली बसवलं.

तिसऱ्या गावाला जाताना टायर फुटलं. रस्त्याकडेला टायरवाल्याचं दुकान होतं, त्याने सगळं काम सोडून आमचं चाक जोडून दिलं आणि पोस्टरकडे बघून हात जोडले. गाण्याचा भारी शौक, पण दुकान सोडून कधी जाणं झालं नाही म्हणाला. मजुरी घेईना. मी म्हटलं, मग आज संध्याकाळी गाणं ऐकायला या, तुमची जागा माझ्याकडे लागली. बिचारा अंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा सदरा घालून आला. आणि नेमकं त्या दिवशी सभागृह भरगच्च. शब्द दिलेला. जागा एकच. मी पुढे झाले, 'राखीव'चा कागद अलगद सोडवला (पाठकोरा होता, घडी करून ठेवला आहे) आणि टायरवाल्याला तिथे बसवलं. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला वाटलं की सबंध दौऱ्यात मी हे एक शहाणपणाचं काम केलं.

भावजी आले, नमस्कार केला, बसले, आणि त्यांची नजर त्या खुर्चीवर गेली. बस्स. मला गाण्यातलं काही कळत नाही, आमच्या मॅट्रिकला तो विषय नव्हता. पण पोळी तव्यावर फुगायची थांबली की न बघताही कळतं ना, तसं मला कळलं. सूर लावायचे आणि खुर्चीकडे बघायचे. टायरवाला आनंदाने "वा!" म्हणायचा. भावजी शब्द विसरले, तो "वा!" म्हणाला. तबलजींनी सावरून घेतलं, त्यालाही "वा!" भावजींना ठसका लागला, तेव्हा तर त्याने शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. मध्यंतराआधीच गळ्याचं कारण सांगून भावजींनी कार्यक्रम आवरता घेतला. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या आणि चपला शोधायला लागले. टायरवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "ताई, असं गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं."

आत गेले तर भावजी पावाच्या उलट्या ट्रेवर बसले होते. माझं आधीच चुकलेलं, आणि चुकलं की मला आवाज चढवायची सवय आहे, ती तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, "भावजी, असा कोण मोठा लागून गेलाय तो, जो कुठल्याच गावात येत नाही आणि त्याच्यासाठी खुर्ची अडवून ठेवायची?" ह्यांनी माझ्याकडे 'गप्प बस' असं बघितलं. भावजी हसले. "वहिनी, ती ताईची खुर्ची आहे."

वन्सं, इथे माझा नाइलाज आहे. तुमच्या दोघांत जे झालं तेव्हा मी तिथे नव्हते, पण ते मी निरनिराळ्या तोंडांनी ऐकलं आहे. ह्यांच्या मते, धाकटा गात असताना ताई पहिल्या रांगेतून "उतरलास" असं "जरा मोठ्याने" बोलली. ड्रायव्हरच्या मते (तो तेव्हा नोकरीलाही नव्हता, तरी त्याला माहीत आहे) ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. मग भावजी गाणं थांबवून माईकवर म्हणाले, "ताई, ते घरी बोलू," आणि सगळं सभागृह हसलं. तुम्ही उठून गेलात. ज्या भावाला तुम्ही आईच्या माघारी पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलंत, भाजी निवडता निवडता सूर लावायला शिकवलंत, त्याच्या कुठल्याच कार्यक्रमाला त्यानंतर तुम्ही गेला नाहीत. तबलजींना मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी तबल्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाले, "खरं सांगू? उतरला होता." म्हणजे तुमचं बरोबर होतं. हे एका साक्षीदारासह लिहून देते. आता बरोबर असलेली गोष्ट चारचौघांत बोलावी की नाही आणि बोललेल्याला चारचौघांत उत्तर द्यावं की नाही, हे ठरवणारी मी कोण? मी दिव्याची बटणं बंद करणारी बाई.

पण त्या ट्रेवर बसून भावजी जे म्हणाले ते लिहायला हवं. म्हणाले, "वहिनी, खुर्ची रिकामी असली की मला तिथून तिचं ऐकू येतं. उतरलास. घाई करू नकोस. शब्द खाऊ नकोस. मग मी सुधारतो. आज तिथून नुसतं वा वा येत होतं. वा वा ऐकून मला कधीच गाता आलेलं नाही." मी म्हटलं, मग बरंच आहे की, प्रत्यक्ष न येताही त्यांचं काम चाललंय. (मला वाटलं, ही चांगली काटकसर आहे.) तर म्हणाले, "पण हल्ली ती चुका कमी काढायला लागलीये." मी म्हटलं, मग गाणं सुधारलं असेल. म्हणाले, "नाही हो. मी तिचा आवाज विसरत चाललोय. पहिल्यांदा सगळं टोकायची. आता मोजकंच. एक दिवस ती खुर्ची नुसती खुर्ची होईल, आणि मला वाटेल मी बरोबर गातोय. लोक वा म्हणतील. आणि मला कळणारही नाही."

वन्सं, माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली, ती मी उचललीसुद्धा नाही. (दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या झाडूवाल्याकडून परत मिळवली.)

चौथ्या गावात, म्हणजे जिथून हे लिहिते आहे तिथे, झुलता पूल बघितला. तिकीट पुलावर चढायचं होतं, बघायचं नव्हतं, म्हणून मी खालूनच बघितला. हे अर्ध्यावर गेले आणि तिथेच नकाशा उघडून उभे राहिले. वारा सुटला, नकाशा नदीत गेला. हे सबंध दिवस न जेवल्यासारखा चेहरा करून बसले. पुढच्या गावासाठी तसंही नकाशाचं काम नव्हतं, कारण पुढचं गाव तुमचं. ह्या दोघा भावांना तिथला दगड न् दगड ठाऊक, आणि लाल पेन्सिलीची खूण तिथे मुळी नव्हतीच. आमच्या गावात बघण्यासारखं काही नाही, असं भावजी आधीच म्हणाले होते. म्हणताना खाली बघत होते.

काल संध्याकाळी इथल्या कार्यक्रमात मी त्या रिकाम्या खुर्चीच्या शेजारी बसले. कुणी बसायला आलं की डोळे वटारायचे, हे काम मी स्वतःकडे घेतलं. एक गलेलठ्ठ गृहस्थ आले, ह्यांच्या साहेबांसारखे दिसणारे, त्यांनाही मी हटवलं. भावजी गात होते, बरं गात होते, लोक डोलत होते. आणि एका जागी ते थांबले. खुर्चीकडे बघितलं. कुणी काही सांगेल म्हणून माणूस कान पुढे करतो ना, तसे एवढेसे पुढे झुकले. तबलजींनी ठेका धरून ठेवला. कुणाला काही कळलं नाही, लोकांना वाटलं ही गाण्यातलीच जागा आहे. मग त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. मी शेजारीच होते, वन्सं. तिथून काहीही ऐकू आलं नाही.

असो. पत्र फार लांबलं, पत्रकं संपत आली. प्रकृतीला जपा, डोळ्यात थेंब वेळेवर घाला, पाणी उकळून गार केलेलंच वापरा. डब्याचं तेवढं लक्षात ठेवा. झाकणासकट.

तुमच्या पायांची धूळ सध्या पावाच्या गाडीच्या धुळीत मिसळून घेणारी,
तुमची एकुलती एक भावजय

ता. क. डबा राहू दे. माझ्याकडे त्याच्याहून मोठा आहे, आणि तो तुमच्याकडे मी मुद्दामच विसरले होते. म्हटलं, पुढेमागे पत्र लिहायला काही कारण हवं.

आणखी ता. क. हे तुमच्या हाती पडेल त्या दिवशीच संध्याकाळी तुमच्या गावात शेवटचा कार्यक्रम आहे. स्थळ आणि वेळ प्रत्येक पानामागे फोटोखाली छापली आहे, तेवढ्यासाठी तरी पान उलटा. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी खुर्ची, तुमच्या तिखट कानाच्या बाजूची. टोकायचं नाही असं मी म्हणत नाही. टोकायलाच या. फक्त तोंडाने नको. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला असेल. सूर उतरला की तो काढा, बरोबर आला की घाला. सभागृहाला वाटेल बाईंच्या डोळ्याला त्रास होतोय, आणि ज्याला कळायचं त्याला कळेल. डोळ्यावर उजेड येऊ नये म्हणून पुढचे दिवे मंद ठेवण्याची जबाबदारी माझी. त्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. ही अक्कल माझी आहे, भावजींना यातलं काही माहीत नाही. मी देवाला नवसही बोलले आहे की, तुम्ही आलात तर वर्षभर दुसऱ्याच्या घरातला एकही दिवा बंद करणार नाही. (तुमच्या सभागृहातले धरू नयेत, अशी देवाला वेगळी विनंती केली आहे.) माझ्यासाठी तो केवढा मोठा नवस आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

शेवटचं ता. क. हे गाडीत बसून लिहिते आहे म्हणून अक्षर हललं आहे. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं, आता हलत नाही. तबलजींना सभागृहावर उतरवलं. भावजींना आम्ही सांगितलं की संध्याकाळपर्यंत वेळ आहे, इथली एक जुनी विहीर बघून येऊ. ते म्हणाले, "आपल्या गावात जुनी विहीर?" हे म्हणाले, "नवीन सापडली आहे." (ह्यांच्या थापा अशाच.) त्यावर भावजी गादीवर जाऊन बसले. मागे खिडकी नसल्यामुळे त्यांना काही दिसलं नसणार. पण तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तो उंचवटा आहे ना, ज्याच्यावर ते सायकल शिकताना पडायचे, त्याच्यावरून गाडी उडाली आणि मागची गुणगुण एकदम थांबली. विहीर किती लांब आहे, असं त्यांनी त्यानंतर एकदाही विचारलेलं नाही. आत्ता आतून सूर लावल्याचा आवाज येतो आहे. लावतात, थांबतात, पुन्हा लावतात. मला त्यातलं कळत नाही, पण माझ्या मते उतरलेला आहे. खात्री तुम्हीच करून घ्या.

आता खिडकीकडे वळायला हरकत नाही. पिवळी गाडी, रोज ताजे. दार बाहेरून उघडतं.